कोयता फडाला लागण्याआधी

इंदापूर तालुक्यात शिकारीचा हंगाम नसतो. १९९१ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, परवाना काढून शिकार करण्याची सोय देशभरातूनच गेली, आणि तारखा पाहून बंदूक पुसायला घ्यावी असा काळ वर्षात उरला नाही. मग हंगामाआधी शिकारीचे नियम समजून घ्या असे सांगणारी पुस्तिका कळंबसारख्या गावासाठी कशाला काढायची, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर कळंबच्या शिवारात आहे. इथला हंगाम गाळपाचा. ऑक्टोबर सरता सरता टोळ्या उतरतात, खोपी उभ्या राहतात, भवानीनगरच्या आणि बिजवडीच्या कारखान्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागतात, आणि नोव्हेंबरात कोयता फडाला लागतो. पुढचे चार-पाच महिने या भागातली जेवढी जंगली जनावरे माणसाच्या समोर येतात, तेवढी एरवी वर्षभर येत नाहीत.

ऊसतोड पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तोड बांधाकडून आत सरकते. पहाटेपासून कोयते चालू असतात, पाचट मागे पडत जाते, मोळ्या बांधल्या जातात, आणि फडात वर्षभर मुक्कामाला असलेले जे काही आहे, म्हणजे ससा, रानडुक्कर, कोल्हा, बाऊल (रानमांजर), मोर, घोरपड, ते आवाजापासून लांब, आत आत जात राहते. दुपार कलल्यावर मधे चार-सहा सऱ्यांचा पट्टा उरतो. तोवर बातमी वस्तीवर गेलेली असते. पोरे मोटारसायकलवरून येतात, मागून कुत्री येतात, काठ्या निघतात, एखाद्याच्या पोत्यात जाळे असते. टोळीतलेही दोन कोयते थांबतात. शेवटच्या सऱ्या पडल्या की दहा मिनिटे नुसता गलका. त्यात सापडलेला ससा रात्री खोपीवर नाहीतर मळ्यातल्या चुलीवर शिजतो. यांपैकी एकही माणूस सकाळी घरातून शिकारीला म्हणून निघालेला नव्हता. कायद्याच्या लेखी मात्र त्या बांधावरचे बरेचसे लोक शिकारी झालेले असतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दुसऱ्या कलमात शिकार कशाला म्हणायचे ते सांगितले आहे, आणि माझ्या मते या पुस्तिकेतले सगळ्यांत महत्त्वाचे पान तेच आहे. जनावर मारणे ही शिकार आहेच. विष घालणे, पकडणे, कुत्री सोडून पाठलाग करणे, फासा लावणे, सापळ्यात अडकवणे, हाकून काढणे, आमिष ठेवणे हीसुद्धा शिकार आहे. यांतले काही करण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच. जखमी करणे, अंगाचा एखादा भाग काढून घेणे हेही त्यातच. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या बाबतीत अंडी फोडणे, एवढेच नव्हे तर अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणेही त्यात धरलेले आहे. म्हणजे ‘आमच्या हाताला काही लागलं नाही साहेब’ हा बचाव होत नाही. ‘मी फक्त हाकत होतो’ हा तर होतच नाही. हाकणे कलमात शब्दाने घातलेले आहे.

पकडून सोडून दिले तर चालते, हाही समज पक्का आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी यासाठी आठवावी. तिथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा होत असे आणि नंतर ते सोडले जात. मारण्याचा प्रश्नच नव्हता, भावही भक्तीचा होता. तरी प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जिवंत नागांच्या त्या खेळाला आणि मिरवणुकीला चाप बसला. श्रद्धेच्या पोटी पकडलेल्या नागाची ही कथा, तर रील काढण्यापुरती शेपटीला धरून उचललेल्या घोरपडीची काय असेल? तो व्हिडिओ तर आपणच आपल्या हाताने तयार केलेला पुरावा.

शिक्षेचे प्रकरण पुस्तिकेत कोष्टकासह आहे, म्हणून इथे थोडक्यात. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या, आणि १ एप्रिल २०२३ पासून ही नवी मांडणी लागू आहे. गावात अजून जुन्या यादीच्या आधाराने बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. पहिल्या अनुसूचीत चिंकारा, लांडगा, बिबट्या, मोर, घोरपड आहेत. यांच्यापैकी एकाची शिकार झाली तर कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय दंड निदान २५,००० रुपये. ससा, तितर, रानडुक्कर हे दुसऱ्या अनुसूचीतले. त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पकडलेले वाहन, हत्यार, जाळे जप्त होते. आणि एक कलम असे आहे की ते वाचून भले भले गप्प होतात: मांस किंवा कातडे तुमच्या ताब्यात सापडले हे एकदा सिद्ध झाले, की ते बेकायदा नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. डब्यातले कालवण कोणी दिले हे सांगत बसण्याची पाळी त्यामुळेच येते.

हे सगळे ऐकून एखादा म्हातारा म्हणतो, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ होते. फक्त ते त्याच्यासाठी नव्हते. १८८७ च्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या काळात मारलेले पक्षी बाळगण्या-विकण्यावर नियम करता येऊ लागले. म्हणजे पुण्याच्या कॅम्पातल्या जेवणाच्या टेबलाशी त्याचा संबंध, कळंबच्या बांधाशी नाही. १९१२ चा कायदा त्याहून रुंद. त्याच्या यादीत बदके, लावे, तितर, मोर, माळढोकाच्या जातीचे पक्षी होते, हरणे, चिंकारे आणि ससे होते, आणि त्यांच्यासाठी बंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार प्रांताच्या सरकारकडे होता. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. इंदापूर त्या मुलखात होते. नीरा ओलांडून फलटण संस्थानात पाय टाकला की तो आपोआप लागू होत नसे. एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या चिंकाऱ्याला दोन काठांवर दोन राज्ये होती. पुढे १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यपशू-पक्षी संरक्षण कायदा आला, त्यात परवाने आणि बंद हंगाम हेच सूत्र होते. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही सुरुवातीला मोठ्या शिकारीचे, छोट्या शिकारीचे असे परवाने ठेवलेलेच होते. ते १९९१ ला गेले.

या सगळ्या कायद्यांमागे एक माणूस गृहीत धरलेला होता. त्याच्याकडे बंदूक होती, परवान्याची फी होती, तारखांचे कागद वाचता येत होते, आणि शिकार मिळाली नाही तरी रात्रीचे जेवण चुकणार नव्हते. फासेपारध्याकडे यांतले काही नव्हते. त्याच्याकडे केसांचे फासे होते, आवाज काढून दुसऱ्याला बोलावणारा पाळीव तितर होता, आणि कोणत्या माळावर लावे कधी उतरतात याचे ज्ञान होते. त्याची जमातच १८७१ च्या कायद्याच्या वंशातल्या तरतुदींनी जन्मजात गुन्हेगार ठरवली गेली. तो शिक्का १९५२ ला पुसला, तोही कागदावर. मग १९७२ ने आणि १९९१ ने त्याचा उरलेला धंदाही गुन्हा ठरवला. साहेबाचा छंद गेला आणि पारध्याची भाकरी गेली, ही दोन नुकसाने एका मापाची नाहीत. शिकारबंदी हवीच असे मानणारा मी, पण बंदी घालताना या माणसाच्या हाताला दुसरे काम देण्याची घाई कोणी केली नाही, हे बारामती-इंदापुरात लिहिताना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुस्तिकेच्या लेखकांनी पारधी वस्त्यांसाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे आणि त्यात धमकीचा सूर नाही, हे मला बरे वाटले.

आता जमिनीकडे येऊ. हा मुळात अवर्षणाचा पट्टा. पाऊस थोडा, माळ लांबच लांब, गवत गुडघ्याएवढे, मधे हिवर आणि बोर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरचा एक पट्टा हिरवा झाला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शेजारी साखर कारखाना उभा केला, त्याचे वालचंदनगर झाले. पुढे सहकारी कारखाने आले, उजनीचे पाणी आले. शेतकऱ्याची पिढी सुधारली, यात वाद नाही. जनावरांच्या बाजूने पाहिले तर मात्र दोन वाटा झाल्या. उसात ज्यांचे जमते त्यांची चैन झाली: रानडुकराला बारा महिने आडोसा, पाणी आणि गोड खाणे एकाच जागी मिळाले, बिबट्याही त्याच आडोशाने जुन्नर-शिरूरकडून इकडे सरकत आला. ज्यांना मोकळा माळ लागतो त्यांचे हाल झाले. चिंकाऱ्याला चारही बाजूंनी लांबवर दिसले पाहिजे, पाणी त्याला फार लागत नाही, ऊस त्याच्या काही कामाचा नाही. तो आता कडबनवाडीच्या माळावर, शिर्सुफळकडे, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात असा तुकड्या-तुकड्यांत राहतो. ते अभयारण्य १९९७ चे आणि क्षेत्र जेमतेम सव्वापाच चौरस किलोमीटरांच्या आत; चिंकाऱ्याला त्याची हद्द माहीत नसते, तो बाहेर चरायला येतोच. बाहेर आला म्हणून त्याचे संरक्षण कमी होत नाही. अभयारण्याबाहेर शिकार चालते, हाही एक गैरसमज आहे. नवव्या कलमाची बंदी तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीतही तेवढीच लागू आहे.

नेमका इथेच शेतकऱ्याचा पारा चढतो, आणि तो चढणे साहजिक आहे. रात्रीत डुकरांचा कळप मक्यात शिरला की सकाळी उरते ते जनावरांना टाकायच्या लायकीचे. गंमत अशी की १९१२ च्या कायद्याने मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी जनावर मारणाऱ्याला मोकळे सोडले होते. आजच्या कायद्यात सद्भावनेने, स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मेले तर गुन्हा नाही. पण त्यात पीक येत नाही. आणि ज्याने आधीच जाळे लावले होते त्याच्यावर डुक्कर उलटले, तर त्याला हा आधारही मिळत नाही.

म्हणजे शेतकऱ्याने हात बांधून बसायचे का? तसे नाही, वाट आहे. ती लेखी आहे. अकराव्या कलमाप्रमाणे उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झालेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून शिकारीची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत हा अधिकार खालच्या वनाधिकाऱ्यांपर्यंत आणलेला आहे, त्यामुळे अर्ज घेऊन नागपूर गाठावे लागत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयापासून सुरुवात करायची. परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता असते, त्याचे वाटे पडत नाहीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मात्र पिकाचे कारण चालतच नाही. बिबट्या माणसाच्या जिवावर उठला असेल, आणि पकडणे, बेशुद्ध करणे, दुसरीकडे नेणे यांतले काही शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक स्वतः तसा आदेश काढू शकतात. एक गफलत इथेच दूर केलेली बरी. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, डुक्कर मारण्याचा नाही. दोन कागद, दोन खाती.

रानडुकराला सरसकट उपद्रवी ठरवा, ही मागणीही नवी नाही. बासष्टाव्या कलमाने केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी ठराविक भागापुरता, ठराविक मुदतीपुरता उपद्रवी जाहीर करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारात रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, शिमल्यात माकडे अशा अधिसूचना निघाल्या होत्या. केरळने २०२२ मध्ये डुकरे मारण्याचे आदेश देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. आपल्याकडे तसे काही व्हावे की नाही यावर मत असू शकते, माझेही आहे. पण जोवर अधिसूचना निघत नाही तोवर चहाच्या टपरीवरचे ‘आता परवानगी आलीय म्हणे’ हे वाक्य कोणालाही कोर्टात वाचवणार नाही.

सगळ्यांत वाईट उपाय मात्र तारेचा. कुंपणाच्या तारेत थेट लाइनीची वीज सोडतात, डुकरासाठी म्हणून. पहाटे पाण्याची पाळी द्यायला गेलेला शेजारी, बांधावरून जाणारा सालगडी, नाहीतर शेताचा मालकच त्या तारेला चिकटल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी वाचायला मिळतात. मग वन्यजीव कायदा बाजूला राहतो, वीजचोरी आणि मनुष्यवधाचे कलम पुढे येते. बाजारात मिळणारे झटका मशीन निराळे: ते क्षणभराचे धक्के देते, जनावर दचकून मागे फिरते, माणूस शिव्या देतो आणि जिवंत राहतो. पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब घालून ठेवण्याचा प्रकारही असाच. तो डुकराने खावा असे ठरलेले असते, खातो बहुधा कोणाचा तरी बैल किंवा कुत्रा.

धनगर वाड्यांवरचा प्रश्न वेगळा आहे. मेंढरामागे लांडगा पिढ्यानपिढ्या आहे आणि जुने मेंढके त्याला वाटेकरी समजत. पण कोकरू गेलेल्या रागाच्या भरात उरलेल्या धडावर विष टाकले, की लांडग्याबरोबर कोल्हा, तरस, घार, गावातली कुत्री असे सगळेच मरतात, आणि विष टाकणारा पहिल्या अनुसूचीच्या गुन्ह्यात सापडतो. नुकसानभरपाईची तरतूद सरकारची आहे. ती मिळण्यासाठी मेलेले जनावर जागचे हलवायचे नाही, ताबडतोब वनरक्षकाला कळवायचे आणि पंचनामा करून घ्यायचा, एवढे पथ्य लागते. पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये, ती विचारायला उपयोगी पडते.

पुस्तिकेतला पिलांचा भाग मी दोनदा वाचला. फडात पाचटाखाली पिले सापडली, की पहिला ओरडा ‘बिबट्या’ असा होतो. पुष्कळदा ती बाऊलाची असतात. कोणाचीही असोत, उचलायची नाहीत; उचलणे म्हणजे पकडणे. आई जवळपास असते, दिवसा माणसांमुळे येत नाही. तेवढ्या भागाची तोड थांबवून वनविभागाला बोलवायचे. बिबट्याची पिले सापडल्या जागीच संध्याकाळी उघड्या खोक्यात ठेवून लांबून लक्ष ठेवायचे आणि आईने ती रात्री घेऊन जायची, हे जुन्नर भागात अनेकदा साधले आहे. पिले घरी नेऊन दूध पाजणारा दयाळू माणूस अशा वेळी सगळ्यांत धोक्याचा. बिथरलेली मादी मग टोळीच्या खोपीभोवती फिरत राहते, आणि त्या खोपीत लहान मुले झोपलेली असतात.

उजनीच्या काठाबद्दल थोडेच. १९८० च्या सुमाराला धरण भरले आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगावला रोहित पक्षी, पट्टकादंब, बदकांचे थवे येऊ लागले. रात्री जाळे लावून बदके धरणारे तिथे होते. त्याच पाण्यावर आता कित्येक मच्छीमार पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात. वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे, तिचाही रोख हाच. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेरात टिटवीची अंडी असतात. ट्रॅक्टर घालताना ती चुकवता आली तर चुकवावीत, हे नियमापेक्षा सवयीचे काम.

परदेशात गेलेली आपली मुले कधी सांगतात की तिकडे हरणाचा हंगाम असतो, परवाना असतो, किती मारायची याची संख्या ठरलेली असते. खरे आहे. अमेरिकेत बदकांच्या शिकाऱ्याला १९३४ पासून सरकारचे खास तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. ब्रिटनमध्ये ग्राउस पक्ष्याचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो. त्या देशांनी मोजून मारण्याची पद्धत बसवली, मोजणारी यंत्रणाही बसवली. आपण तो रस्ता काही काळ चालून पाहिला आणि १९९१ ला बंद केला. तो पुन्हा उघडावा असे मानणारे लोक अभ्यासूही असतात. त्यांच्याशी वाद घालायला हरकत नाही. मात्र तिकडचा भाचा सुट्टीला आला आणि ‘आमच्याकडे चालतं’ म्हणाला, म्हणून इथल्या तितराच्या मागे त्याला घेऊन जाऊ नये.

पुस्तिका कोणी वाचायची? शेतमालकाने वाचावी, पण तो फडावर क्वचित असतो. खरी गरज मुकादमाला आणि कारखान्याच्या चिटबॉयला आहे, कारण शेवटचा पट्टा उरतो त्या वेळी हजर असलेली आणि चार लोक ज्यांचे ऐकतात अशी माणसे तीच. तोडायला आलेल्या जोड्या बीड-नगरकडच्या. त्यांना इथला वनरक्षक कोण हे माहीत नसते आणि गुन्हा दाखल झाला तर उचल डोक्यावर ठेवून तारखांना खेपा घालणे त्यांना परवडत नाही. गावातली पोरे ससा घेऊन पसार होतात आणि सापडतो तो खोपीवरचा, असेही घडते. म्हणून तोड सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, उसाची नोंद आणि गाडीचा क्रम ठरतो तेव्हाच, पाच मिनिटे काढून पिलांचे पान आणि शेवटच्या पट्ट्याचे पान मोठ्याने वाचून दाखवावे. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे दिलेली आहेत. शेवटच्या पट्ट्याची एक बाजू माणसांविना मोकळी ठेवायची, ती कोणती हे त्याच वेळी ठरवून टाकावे, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ मलपृष्ठावर मोठ्या आकड्यांत छापला आहे. त्याच्या खाली एक ओळ रिकामी सोडली आहे, तिथे आपल्या बीटाच्या वनरक्षकाचा नंबर ज्याने त्याने लिहून घ्यायचा.